धरून ठेवलेला गुडघा

गुडघ्याला हात लावण्याआधी त्या माणसाने आपले दोन्ही तळवे एकमेकांवर पाच-सहा वेळा जोरजोरात घासले, तोंडाजवळ नेऊन त्यांत फुंकर घातली, आणि इलुमिनादा खाटेवर एकदम मागे सरकली. घाबरण्यासारखं खरं तर काही नव्हतं. इस्पितळाच्या तळमजल्यावरचा लांबट हॉल, ओळीने मांडलेल्या उंच खाटा, कोपऱ्यात पुटपुटणारा रेडिओ, मलमाचा आणि तापवलेल्या मेणाचा वास. समोर चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस. नुकतंच त्याने आपलं नाव रोडेल असं सांगितलं होतं. पण ते तळवे घासणं, ती फुंकर, फुंकर घालताना मान किंचित डावीकडे नेणं, हे तर मेरिविकचं होतं. तिच्या पोरीचं. पोर अमेरिकेला गेल्यापासून नऊ वर्षांत हे तिने कुणालाच करताना पाहिलं नव्हतं. आपल्या कपाटातली वस्तू परक्याच्या घरात दिसावी तसं तिला झालं. आधी ओळख पटली, आणि मग राग आला.

“दुखलं का, नानाय?” त्याने विचारलं.

“अजून हात कुठे लावलात तुम्ही?”

“मग डोळ्यांत पाणी कसलं?”

“मलम झोंबतंय तुमचं. आणि नानाय म्हणू नका मला. मला सगळे आलिंग लुमिंग म्हणतात, लुमिंगबाई.”

“साठीच्या पुढची जी बाई या खाटेवर बसते ती माझी नानाय,” तो हसून म्हणाला. “शंभरेक आया आहेत मला. एकही माझं ऐकत नाही.”

मग त्याने हात ठेवले. ते गरम होते. सात आठवडे तो पाय सरळच्या सरळ पट्ट्यांत बांधलेला होता आणि आता उघडा पडल्यावर तो तिला आपला वाटेना. मांडी वाळून काठीसारखी झालेली, पोटरीवरची कातडी मासळीच्या खवल्यांसारखी सुटलेली, आणि गुडघ्याच्या मधोमध वरून खाली गेलेली जांभळी शिवण. शिवण तिने पट्ट्या सुटल्या त्याच दिवशी नीट पाहून घेतली होती. चाळीस वर्षं जोड्यांची वरची चामडी शिवणाऱ्या बाईला टाके न बघून कसं चालेल? दोरा सरळ गेला होता, पण टाक्यांतलं अंतर सारखं नव्हतं. तिच्या हाताखालच्या मुलीने अशी शिवण घातली असती तर तिने ती उसवायला लावली असती. आत तारेने वाटीचे दोन तुकडे बांधलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत तार आहे हे तिला कळत होतं. पाय जरा वाकवायला गेलं की आत कुणीतरी दार लावून घेत होतं.

ऑगस्टात बाजारापाशी जीपमधून उतरताना ती पडली होती. मासळीवाल्यांचं पाणी रस्त्यावर आलेलं, तिची चप्पल सरकली, एवढंच. हात टेकले असते तर मनगटावर निभावलं असतं. पण हातांत शिवून झालेल्या चामड्यांची पिशवी होती, दोन दिवसांचं काम, आणि खाली तसलं घाण पाणी. तिने पिशवी छातीशी धरली आणि सगळं अंग गुडघ्यावर टाकलं. वाटी फुटल्याचा आवाज तिने ऐकला. नंतर तिला वाटायचं, आपण आयुष्यभर हेच करत आलो. मेरिविकच्या शिक्षणाच्या पैशांचं जमेना तेव्हा आर्तेम्यो, इलुमिनादाचा नवरा, म्हणाला होता, पोरीला दुकानात बसवू, शिवणं शिकेल. तेव्हाही तिने पोरीचं शिक्षण असंच छातीशी धरलं होतं आणि बाकीचं अंग जिथे पडायचं तिथे पडू दिलं होतं. जोडे शिवणाऱ्यांच्या मारिकिना गावातल्या त्या गल्लीत तेव्हा घराघरातून मशीनचा आवाज यायचा. आता तीनच घरं उरली होती, आणि त्यांतलं एक तिचं. आर्तेम्यो गेल्यावर चामडं कापायला कुणी नव्हतं. ती दुसऱ्यांनी कापलेलं शिवायची. पायाने चालवायचं मशीन. आता दोन महिने त्यावर चादर होती.

“अडतीस,” रोडेल म्हणाला. दोन पट्ट्या एका खिळ्याने जोडलेलं, शाळेच्या कंपासपेटीत असतं तसलं काहीतरी त्याने तिच्या मांडीला लावून पाहिलं होतं. “अडतीस अंश वाकतोय. खुर्चीत नीट बसायला नव्वद लागतात. जिना उतरायला त्याहून जास्त. काम आहे, नानाय. दुखेल. पण हे दुखणं आपल्या कामाचं, हे लक्षात ठेवायचं.”

रविवारी सकाळी मोबाइलच्या पडद्यावर मेरिविक आली. तिच्याकडे शनिवारची रात्र. केस ओले, मागे एक पांढरी भिंत, ज्या भिंतीवर नऊ वर्षांत तिने काहीही लावलं नव्हतं. ओहायोतल्या कुठल्याशा गावात ती दिवसभर म्हाताऱ्यांचे गुडघे आणि खुबे वाकवायची, त्यांना पलंगावरून उठवायची, चालवायची. “किती अंश?” हे तिचं पहिलं वाक्य. जेवलीस का, झोप लागते का, हे सगळं त्याच्या मागून.

“तीस,” इलुमिनादा म्हणाली.

हे आपण का म्हणालो ते तिला कळलं नाही. जीभ तिची होती, आकडा भलत्याच कुणाचा तरी. पण म्हटल्याबरोबर पडद्यावरच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. भुवया जवळ आल्या, चेहरा पडद्याच्या आणखी जवळ आला, इतका की डोळ्यांखालची काळी कातडी दिसली. “फक्त तीस? मला पाय दाखव. फोन खाली धर. नाही, बाजूने. नानाय, हा सुजलाय गं.” पाऊण तास ती बोलत राहिली. एरवी वीस मिनिटांत जांभया सुरू व्हायच्या. त्या दिवशी फोन ठेवल्यावर इलुमिनादाने स्वतःच आल्याची पेज करून घेतली, काठीवर एक हात, डावावर एक हात, आणि तिला भूक लागली होती.

मेरिविक कॉलेजात असताना रात्री उशिरापर्यंत आईच्या पायांवर अभ्यास करायची. इलुमिनादा दिवसभराच्या मशीनवरून उठून स्टुलावर बसायची, झगा मांडीपर्यंत वर घ्यायची, आणि पोर खाली फरशीवर बसून बॉलपेनने तिच्या मांडीवर, पोटरीवर रेघा काढायची, त्या रेघांना नावं द्यायची, लांबलचक, पाद्र्याच्या तोंडची वाटावीत अशी. “हा स्नायू इथून निघतो, इथे येऊन लागतो. वाकव. सोड. वाकव.” हात लावायच्या आधी तळवे घासून फुंकर. “गार लागेल ना तुला.” एवढंच म्हणायची. सकाळी अंघोळ करताना इलुमिनादा त्या रेघांवर साबण लावायची नाही, भोवतीने लावायची. झग्याखाली शाईतली नावं घेऊन ती मशीनवर बसायची आणि दिवसभर पायडल मारताना कुठला स्नायू कुठून निघतो हे आठवायचा प्रयत्न करायची. एकही नाव तिला आठवायचं नाही. फक्त गरम तळवे आठवायचे. नवऱ्याचे हात तिने आयुष्यभर ओळखले होते, चामड्याच्या पेस्टचा वास येणारे, कडक, चांगले हात; पण आपलं शरीर कुणी इतकं लक्ष देऊन, जणू एखादं अवघड पुस्तक वाचावं तसं, हाताळलं होतं ते त्या दोन-तीन वर्षांतच. मग परीक्षा झाली, कागदपत्रं झाली, आणि एका मार्चमध्ये पोर विमानात बसली. नऊ वर्षांत एकदाच परत आली. आर्तेम्यो गेला तेव्हा. चौदा दिवस. नऊ दिवस प्रार्थनेचे, बाकीचे लोकांचे. ज्या दिवशी ती परत गेली त्या दिवशी इलुमिनादाच्या लक्षात आलं की आपण दोघी एकट्या अशा एकदाही बसलो नाही.

तेव्हापासून तिच्या मनात एक हिशेब बसून होता, न मांडलेला. कुणीतरी आडवं पडलं की पोर येते.

आठवड्यातून तीनदा ती रिक्षाने इस्पितळात जायची. गरम पिशवी, मग वाटीला बोटांनी इकडून तिकडे सरकवणं, मग खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडणं, आणि रोडेल घोट्याला धरून हळूहळू मागे नेणार. “श्वास सोडा. धरू नका. सोडा.” पंचेचाळीस. एकावन्न. छप्पन्न. तिथे काटा अडला. एक आठवडा छप्पन्न, दुसरा आठवडा छप्पन्न. रविवारी ती सांगायची पस्तीस, अडतीस. शेजारची पासिंग, जिची या घरात सकाळ-संध्याकाळ फेरी असायची, खोबरेल तेलाची बाटली घेऊन यायची आणि इस्पितळाला शिव्या घालायची. “अगं, तो जाड्या तुझा पाय मोडून ठेवेल. माझ्या ओळखीचा एक वैदू आहे, नुसतं तेल लावून शिरा जागेवर बसवतो. माझ्या दिराचा खांदा त्याने बसवला.”

“तुझा दीर हात वर करतो का आता?”

“करतो की. खांद्यापर्यंत.”

“त्याच्या वर?”

“वर कशाला हवाय त्याला? झेंडा लावायचाय?”

दोघी हसल्या. पण पासिंग गेल्यावर इलुमिनादा मशीनवरच्या चादरीकडे बघत बसली. पाय बरा व्हावा असं तिला वाटत होतं, यात शंका नव्हती. जिना चढून माडीवर जायचं होतं. दोन महिने ती खालीच बाकावर झोपत होती. काम हवं होतं. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गुडघे टेकायचे होते. आणि या सगळ्याच्या तळाशी, विहिरीच्या तळाशी पडलेल्या भांड्यासारखं, दुसरं काहीतरी चमकत होतं. तिकडे ती बघायची नाही.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि तोंड वाकडं केलं. महिनाअखेरपर्यंत नव्वदच्या आसपास आला नाही तर भूल देऊन पाय जबरदस्तीने वाकवावा लागेल. आतले चिकटलेले पापुद्रे तोडावे लागतील. रविवारी तिने हे मेरिविकला सांगितलं. आकडा सांगितला चाळीस. मेरिविकने आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, “मी येते.”

“कशाला उगीच,” इलुमिनादा म्हणाली.

“भूल दिल्यानंतरचे पहिले दहा दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात. तेव्हा रोज वाकवला नाही तर परत चिकटतो. तुझ्याकडून कोण करून घेणार? मी बोलते इथे. बिनपगारी घेईन. नव्या जागी सहा महिने झाले नाहीत अजून, बघू, कदाचित जागा धरून ठेवणार नाहीत. ठेवली नाही तर नाही.” आणि मग, एकदम लहान आवाजात: “बाबांच्या वेळी मला उशीरच झाला होता.”

फोन बंद झाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. गल्लीत सप्टेंबरपासूनच टांगलेले ख्रिसमसचे कागदी कंदील हलत होते. ती जिंकली होती. अगदी हवं ते, मागितल्याशिवाय, मिळालं होतं. आता फक्त काही न करता बसायचं होतं. आणि तिला आनंद झालाही. पण तोही, गुडघ्यासारखाच, अर्ध्यावर अडला.

दुसऱ्या दिवशी रोडेल घोटा धरून बसला होता. अर्धा मिनिट. एक मिनिट. मग त्याने पाय हळूच सोडला आणि स्टूल मागे सरकवलं.

“नानाय, एक सांगू? रागावू नका. हा गुडघा अडलेला नाही. अडलेला गुडघा हाताला वेगळा लागतो, भिंतीसारखा. हा तसा नाही. मी मागे नेतो आणि तुमची मांडी पुढून ओढते. तुम्ही धरून ठेवलाय.”

“मी कशाला धरीन? मला काय वेड लागलंय?”

“भीतीने धरतात लोक. माहीत पण नसतं त्यांना.”

“मला कसली भीती? चाळीस वर्षं मशीन चालवलंय मी.” तिचा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरचा, मनगट मेणात बुडवून बसलेला माणूस वळून बघायला लागला. बोलण्याचा रोख बदलावा म्हणून, की आणखी काही म्हणून, तिने विचारलं, “ते हात घासता तुम्ही. फुंकर मारता. ते कुठे शिकलात?”

रोडेल मोठ्याने हसला. “ते? त्या आमच्या लाग्मान मॅडम. पहिल्या वर्षाला. गार हाताने पेशंटला शिवलं की मॅडम बर्फात बुडवलेला हात आमच्या शर्टातून पाठीवर घालायच्या. सगळ्या वर्गासमोर. त्यांच्या हाताखालून गेलेला कुठलाही विद्यार्थी घ्या, जगात कुठेही, हात घासल्याशिवाय शिवणार नाही.”

कॉलेजचं नाव तिने विचारलं नाही. माहीत होतं. तो आणखी काही सांगत होता, बर्फाबद्दल, आणि ती खाटेच्या कडेला लटकणाऱ्या आपल्या पायाकडे बघत होती. म्हणजे तो धडा होता. गार लागेल ना तुला, हे पोरीचं नव्हतं. वर्गातल्या चाळीस जणांना पाठ होतं. नऊ वर्षं जे तिने कुणाला न सांगता जपलं, झोप येईना तेव्हा काढून बघितलं, ते शाळेच्या वहीतलं निघालं. तिला पासिंगला हाक मारावीशी वाटली. घरी जावंसं वाटलं. रिक्षात बसल्यावर, कितीतरी वेळाने, तिला ओहायो दिसलं, जे तिने कधी पाहिलं नव्हतं: खिडकीबाहेर पांढरं, एक गोरी म्हातारी पलंगाच्या कडेला बसलेली, तिचा गुडघा उघडा, आणि मेरिविक तळवे घासते आहे. तिथे थंडी जास्त. जास्त वेळ घासावे लागत असतील. दिवसाला दहा म्हाताऱ्या, आठवड्याला पन्नास. नऊ वर्षांत किती बायकांच्या गुडघ्यांना ती ऊब लागली असेल, आणि त्यांतली एखादी तरी रात्री एकटी असताना ती आठवत असेल. त्या बाईचा तिला आधी हेवा वाटला. मग वाटलं, तिला तरी ठाऊक असेल का, ही पोर कुणाची?

बुधवारी तिने स्वतःहून विचारलं, “सर, तुम्ही नाही गेलात कधी बाहेर?”

“गेलो होतो की. जेद्दाला, सहा वर्षं.” वाटी सरकवता सरकवता तो बोलत होता, बोलताना त्याचे हात थांबत नसत. “इकडे बाबा पडले. खुबा मोडला. म्हणून आलो. तिथे परक्यांचे बाप चालवत होतो आणि इथे माझ्या बापाला संडासला न्यायला कुणी नव्हतं. म्हटलं, दोन-तीन महिन्यांत उभं करतो त्यांना. माझ्याइतका चांगला माणूस कुठे मिळणार होता? पण बाबा म्हणजे नंबर एक आळशी. पलंगाच्या खाली पाय ठेवायला तयार नाहीत. आज चक्कर येते, उद्या पोट बिघडलंय, परवा सुतक आहे, कुणाचं तर मांजराचं. मी शिव्या घालायचो. चार वर्षं तसेच पडून होते. पाय आखडले, असे, पोटाशी.” त्याने एका हाताने दाखवलं. “ते गेल्यावर आत्या म्हणाली, अरे, तो चालत नव्हता कारण चालला असता तर तू परत गेला असतास. मला हसू आलं, नानाय. कारण मी तर जाणारच नव्हतो. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी तिकडे परत येत नाही म्हणून कळवून टाकलं होतं. बाबांनी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.” वाटी सरकवून झाली होती. “चला. पाय खाली सोडा.”

त्याने घोटा धरला. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. इलुमिनादाने डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच आपल्या मांडीकडे, आतून, लक्ष दिलं. खरंच होतं. तिथे एक मूठ आवळलेली होती. केव्हा आवळली गेली, तिला आठवेना. ऑगस्टात रस्त्यावर, की त्याच्या कितीतरी आधी, विमानतळाच्या काचेपाशी. मूठ सोडायची म्हणजे काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. “श्वास सोडा,” रोडेल म्हणाला. तिने सोडला. तो जाता जाईना, आतून येतच राहिला, आणि त्याच्या शेवटाला मांडीतलं काहीतरी थरथरलं, पाण्यातून काढलेल्या मासळीसारखं, आणि ढिलं पडलं. गुडघ्यात कुठेतरी खोल, ओलं चामडं ताणताना येतो तसा कर्रर्र आवाज झाला. तिने खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. तोंडातून निघालेली शिवी चर्चमध्ये कबूल करावी लागेल अशी होती.

“शाब्बास! द्या, आणखी द्या शिव्या,” रोडेल म्हणाला. “एकाहत्तर, नानाय. एकाहत्तर!”

ती रडत होती. यावेळी तिने मलमाचं नाव काढलं नाही.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. रात्रभर पाय ठणकला, सकाळी भोपळ्यासारखा सुजला, शुक्रवारी अडुसष्टच भरला. पण आता तिला रस्ता कळला होता. घरी दिवसातून पाच वेळा ती बाकावर बसून टाचेखाली फडकं घालायची आणि फरशीवरून पाय मागे ओढायची, तीस वेळा, मोठ्याने मोजत, पासिंग भिंतीपलीकडून “एकोणतीस दोनदा झाले!” असं ओरडेपर्यंत. एका दुपारी मशीनवरची चादर काढली, चामडं न लावता नुसतं पायडल मारलं. अर्धा फेरा, मग उलट. पाव तासाने पूर्ण फेरा गेला आणि चाक आपल्या आपण फिरत राहिलं. महिनाअखेरीला डॉक्टरांनी त्र्याण्णव मोजले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, भूल नको.

त्या रविवारी तिने केस विंचरले, चांगला झगा घातला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

“किती अंश?” मेरिविकने विचारलं.

“त्र्याण्णव.”

“काय? गेल्या आठवड्यात चाळीस होता ना गं?”

“गेल्या आठवड्यात ब्याऐंशी होता. मी खोटं सांगत होते. पहिल्यापासून.”

मेरिविक आधी हसली, मग एकदम चिडली. “नानाय! मला झोप नाही लागत दोन महिने! लेखी अर्ज केला मी, माझी साहेबीण माझ्याशी धड बोलत नाहीये... का पण? बरं, जाऊ दे. जाऊ दे. ऑपरेशन नाही ना आता? देवा. मग मी उद्याच सांगते त्यांना की रजा नको. तिकीट काढलं नव्हतं अजून, बरं झालं.”

झालं. इथवर येणार हे तिला माहीत होतं, त्र्याण्णव म्हणण्याआधीच माहीत होतं. आता म्हणायचं, हो गं, बरं झालं, काम सांभाळ, जेवत जा. नऊ वर्षं ती हेच म्हणत आली होती, आणि ते इतकं गुळगुळीत झालं होतं की जिभेवरून आपोआप सरकलं असतं. तिने श्वास सोडला.

“नको सांगूस. ये तू.”

“म्हणजे? आणखी काय झालंय? नानाय, काय लपवतेयस?”

“काही नाही. पाय बरा आहे. ब्लडप्रेशर चांगलं आहे. पासिंग पण चांगली आहे. कुणी मेलेलं नाही. तू ये.”

“मग कशासाठी?”

“कशासाठी नाही. मला तू हवीयेस.”

मेरिविक उठली आणि पडद्यातून बाहेर गेली. पांढरी भिंत तेवढी उरली. नळाचा आवाज आला. इलुमिनादा भिंतीकडे बघत बसली. तिला वाटलं आपण फार मोठं काहीतरी फोडलं, आणि हे परत तारेने बांधता यायचं नाही. नाक पुसत मेरिविक परत आली तेव्हा तिच्या हातात कॅलेंडर होतं.

“आत्ता नाही जमायचं,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “आत्ता आले तर खरंच जागा जाईल. ख्रिसमसला तर रजा सगळ्यांनाच हवी असते. फेब्रुवारीत. तेव्हा माझी हक्काची रजा साचते. आधीपासून मागितली की देतात ते, घाईने मागितली की आकांडतांडव करतात. फेब्रुवारीत एकोणीस दिवस. चालेल?”

“चालेल.”

“इतकी वर्षं कधी म्हणाली नाहीस तू.”

“तूही कधी विचारलं नाहीस,” इलुमिनादा म्हणाली, आणि दोघी पडद्यावर एकमेकींचे नाक-डोळे बघत राहिल्या.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी ती आली. विमानतळावर इलुमिनादा तीन तास उभी होती, काठी न घेता. पोर बारीक झाली होती, चालताना कमरेतून जरा डावीकडे झुकत होती, आणि मिठी मारली तेव्हा तिच्या कपड्यांना कुठलाच ओळखीचा वास नव्हता. घरी आल्यावर तिने सुकी मासळी आणि लसणाचा भात दोनदा घेतला, पासिंगच्या चौकशांना चार वाक्यांत उत्तरं दिली, आईचा गुडघा बघायला हात पुढे केला. “ते राहू दे,” इलुमिनादा म्हणाली. “त्याला माणूस आहे. तू जेव.” जेवता जेवता पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या. दीड दिवस ती प्रवासात होती. हात धुऊन बाकावर जरा टेकली आणि बूट न काढताच झोपली.

पासिंगला खुणेने घालवून इलुमिनादाने दार ओढून घेतलं. बाहेर गल्लीत पाव विकणारा कुणीतरी ओरडत गेला. बूट घालून झोपली तर पाय सुजतील, म्हणून ती बाकापाशी आली, एका हाताने बाकाची कड धरली आणि खाली बसली. आणि फरशीवर मांडी घालून झाल्यावर मग तिच्या ध्यानात आलं की आपण खाली बसलो. तिने नाडी सोडली. कारखान्यातला बूट, शिवण विजेच्या यंत्राची, एकसारखी, जीव नसलेली. मोजा काढला आणि पाऊल तळहातावर घेतलं. या पायाचं माप तिच्या हातात होतं. पहिल्या बुटापासून नऊ वर्षांपूर्वी विमानतळावर घातलेल्या बुटापर्यंत प्रत्येक जोड तिने शिवलेला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची रुंदी तिच्या बोटांच्या कवेत नेमकी मावायची, कमी नाही, जास्त नाही. तिने बोटं पसरून पावलावर ठेवली. पुरली नाहीत. पुन्हा ठेवून पाहिली. करंगळीच्या अलीकडेच संपत होती. टाच घट्टे पडून कडक झालेली, तळवा पसरलेला. दिवसभर कडक फरशीवर उभं राहणाऱ्या बाईचं पाऊल. पोर तेहेतीस वर्षांची होती आणि तिचा पाय वाढला होता, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मेरिविकने डोळे किलकिले केले. “नानाय... खाली कशाला बसलीस? उठता येईल का तुला?”

“येईल,” इलुमिनादा म्हणाली. पण ती उठली नाही. पाऊल मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.